गोलकीपरच्या बापाशी चार शब्द

नको, खरंच नको — मी जेवून आलेय, आणि कोचनं मुलीच्या घरचं खाल्लं की जीभ मऊ पडते, मग बोलणी नीट होत नाहीत. तुम्ही तुमचं काम चालू ठेवा, वॉल्टर. मला हातात काम असलेल्या माणसाशी बोलायला आवडतं, तो मधेच उठून जाऊ शकत नाही. तुमचं सॉसेज? नाही हो, अजून योग नाही आला. ऐकलंय मात्र खूप — तुम्हा नातियुकांचं सॉसेज म्हणजे सॉसेज, बाकीच्यांचं नुसतं आतड्यात भरलेलं मांस, असं सगळे म्हणतात. पण मी पडले कडक मेनोनाइट पंथाच्या घरातली, आमच्याकडे सॉसेजमध्ये मीठ आणि प्रार्थना, तिसरं काही नाही. ह्या स्टुलावर बसू का — बसलेच बघा. बूट काढलेत, दाराशी ठेवलेत, बर्फ आत आणलेला नाही. आता तर बोलाल?

बरं, नका बोलू. मी बोलते. मी आर्लीन फ्रीसेन, विद्यापीठातल्या मुलींच्या आइस हॉकीची कोच, हे तुम्हाला माहीत आहे, कारण मी कार्ड दिलं आणि तुम्ही ते वजनकाट्याच्या पायाखाली सरकवलंत — काटा डुगडुगत होता, आता डुगडुगत नाही, म्हणजे माझा एक तरी उपयोग झाला. आले आहे लॅरिसाबद्दल बोलायला. पण आधी माझ्याबद्दल सांगते, कारण आपली पोरगी कुणाच्या हाती सोपवतोय हे बापानं बघायला हवं की नको? हवंच. मी तर म्हणते, कोचचीच आधी परीक्षा घ्यावी.

माझे वडील चर्चमध्ये उपदेश करायचे. आमच्या घरी नाच म्हणजे पाप. नुसता पाय हलला तरी आई गुडघ्याकडे बघायची. आणि मला वेड कशाचं, तर स्केटिंगचं, तेही गिरक्यांचं — बर्फावर एका पायावर गरागरा फिरायचं, हात वर, मान मागे. आता हा नाच की नाही? नाचच. मग मी काय करायचे, घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर भावाची हॉकीची काठी जवळ टाकून ठेवायचे. बर्फाच्या ढिगामागे वडिलांची टोपी दिसली की गिरकी सोडायची, काठी उचलायची आणि हॉकीच्या रबरी चकतीला एक दणका द्यायचा. वडील बघायचे, मान डोलवायचे, निघून जायचे. हॉकीला त्यांची हरकत नव्हती. नाच पाप, पण हॉकीत कुणाचा दात पाडला तर ते पाप नाही, तो खेळ. मी तेव्हाच ठरवलं की ह्या जगात काठी जवळ बाळगावी. तर वडिलांची समजूत अशी की पोरगी हॉकी खेळते, आणि एकदा चर्चच्या हिवाळी मेळाव्यात त्यांनी ते चारचौघांत अभिमानानं सांगितलं. झालं. मला उभं केलं मुलांच्या टीमसमोर. मला चकती पुढं कशी न्यायची तेही ठाऊक नव्हतं, वॉल्टर. पहिला पोरगा अंगावर आला, मी घाबरून गिरकी घेतली — दुसरं येतच काय होतं — तो पुढं जाऊन आपटला. दुसरा आला, पुन्हा गिरकी, तोही आपटला. वडील म्हणाले, ही देवाची देणगी आहे. आता देवाचं नाव आल्यावर माघार कशी घेणार? तो अख्खा हिवाळा मी भावाला माझ्या वाटणीचं गोड देऊन हॉकी शिकले. खोटं निभवायचं तर खरं शिकावं लागतं. अजून आमच्या टीमला लोक विचारतात, तुमच्या पोरी एवढ्या छान वळतात कशा? मी म्हणते, सराव. काय सांगू, की सगळी नाचाची चोरी आहे?

ओठांच्या कोपऱ्यात हसलात तुम्ही. बघितलं मी. मिशीआड हसलं तरी दिसतं.

मग विद्यापीठात लागले ते व्हॉलीबॉल शिकवायला. हॉकी मुलांची, कोच मुलांचे, बर्फाचं रिंकही मुलांचं. एक दिवस काही मुली माझ्या खोलीत आल्या, भांडायच्या तयारीनं, एकीच्या हातात तर काठीच — आम्हाला हॉकी खेळायचीय, आणि खेळांचे डायरेक्टर म्हणतात कोच नाही. मी गेले डायरेक्टरकडे. लाइल ट्यूस नाव, भला माणूस, पण ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडात आधीच तयार असायचा, पुढचा माणूस काय बोलतोय ह्याची वाट न बघता निघायचा. म्हणाला, आर्लीन, तुला हॉकी येते का? मी म्हटलं, माझ्या वडिलांना विचार. त्यानं खरंच फोन लावला हो. आणि वडिलांनी त्याला अर्धा तास देवाच्या देणगीवर ऐकवलं. फोन ठेवायला मिळावा म्हणूनच लाइलनं मला कोच केलं असणार.

पहिलं वर्ष — कसं सांगू. मुलांनी टाकून दिलेले पॅड, त्यांना असा वास की प्रतिस्पर्धी जवळ यायच्या नाहीत, बचाव आपोआप व्हायचा. एकही सामना जिंकलो नाही. पण आमच्या रिंकवरचा गुणफलक जुना होता, नऊच्या पुढं आकडाच नव्हता त्याला. त्यामुळे आमच्या घरी आम्ही नवाच्या वर कधी हरलो नाही. बाहेर विचारू नका. तरी त्या पोरी दर सकाळी उजाडायच्या आत यायच्या, कारण उजाडल्यावर रिंक मुलांचं. शनिवार दुपार, जेव्हा अख्खं गाव बघायला येतं, तीही मुलांची. मी लाइलकडे शनिवार मागितला की तो म्हणायचा — काय म्हणायचा? ‘नाही’. बरोबर.

मग मी काय केलं? भांडले? छे. भांडून कुणाला बर्फ मिळालाय. आमच्या कुलगुरूंची म्हातारी आई होती, मिसेस मॅकॉल. काठी टेकत चालायची, पण जीभ धडधाकट. मी तिला जाऊन सांगितलं, बाई, सामन्याची पहिली चकती तुमच्या हातून टाकायचीय, मोठा मान आहे. ती आली, गालिच्यावरून चालत बर्फावर गेली, चकती टाकली, आणि मग आमच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. दुसऱ्या सत्रात समोरच्या टीमच्या एका मुलीनं आमच्या मधल्या खेळाडूला मागून काठी मारली, पंचांनी बघितलं नाही. मिसेस मॅकॉल उठल्या आणि पंचांना जे काही बोलल्या — ते मी तुमच्या दुकानात बोलणार नाही, इथं खायचे पदार्थ आहेत. त्या दिवसापासून बाई आमच्या. प्रत्येक सामन्याला येणार. फक्त एक अडचण होती — अंधार पडल्यावर त्यांना गाडी चालवता यायची नाही. मी म्हटलं, अरेरे, आमचे सामने तर सगळे अंधारातले. एवढंच म्हटलं हो, दुसरं एक अक्षर बोलले असेन तर शपथ. पुढच्या आठवड्यात शनिवार दुपार आमची झाली, आणि मुलं रात्री खेळायला लागली. मुलांचा कोच माझ्याशी वर्षभर बोलला नाही. बरं झालं, तेवढाच वेळ वाचला.

तेव्हापासून मी हेच करतेय. हिवाळ्यात गावोगाव फिरायचं, गोठलेल्या रिंकवर उभं राहून दुसऱ्यांच्या पोरी बघायच्या, आणि मग त्यांच्या आईबापांच्या स्वयंपाकघरात बसून आर्जवं करायची. माझं वजन जे आहे ना, ते सगळं लोकांच्या स्वयंपाकघरातलं आहे. जिंकले का? जिंकले. बऱ्यापैकी. एक पोरगी तर पुढं देशाकडून खेळली, आणि एक दातांची डॉक्टर झाली — हॉकीवाल्यांच्या गावात, तिच्याइतकं पोट तर कुणाचंच भरलं नाही.

ती चकचकीत पुस्तिका काय आहे तिथं, मिरीच्या डब्यामागं? कॉलिन रॅटक्लिफ येऊन गेला ना. गुरुवारी. शहरातल्या मोठ्या विद्यापीठाचा कोच. मी काही बोलणार नाही त्याच्याबद्दल, प्रतिस्पर्ध्याबद्दल वाईट बोलू नये. सज्जन आहे. शिस्तीचा आहे. सगळे दात स्वतःचे आहेत, आमच्या धंद्यात दुर्मिळ. जरा जास्तच नीटनेटका, मोज्यांची सुद्धा घडी घालतो, आणि झोपेत असा घोरतो की खिडकीची काच — काय? नाही, ऐकलंय. कुणीतरी म्हणालं होतं. कोण ते आता... वॉल्टर, असं सुरी थांबवून बघू नका माझ्याकडे. बरं. होता माझा नवरा. होता. आमचं का मोडलं? आता एकाच घरात दोन कोच, आणि दोघांच्या टीम एकमेकींविरुद्ध. सामना हरून घरी यायचं आणि ज्यानं हरवलं त्यालाच वाढायचं — किती वर्षं जमेल? नऊ वर्षं जमलं, तेच खूप. भांडण नाही, काही नाही, त्यानं मोज्यांच्या घड्या घातल्या आणि गेला.

आणि आता? आता काय, गुरुवारी जेवायला येतो कधीमधी. रस्त्यावर बर्फ असेल तर मग शुक्रवारीही असतो. यंदा बर्फ बराच पडलाय. परवाच्या गुरुवारी आला तो तुमच्याकडूनच, हातात हे एवढं पुडकं — लसूण तुम्ही जरा हात राखून घालता असं माझं मत, पण मिरी आणि तो चेरीच्या लाकडाचा धूर, वॉल्टर, मी दोन तुकडे घेणार होते आणि —

हं.

हो. खाल्लंय. पण मी खोटं कुठं बोलले, योग नाही आला म्हटलं तो पाहुणचाराचा योग. ते विकतचं होतं.

पैज? आम्हा दोघांत लॅरिसावरून पैज लागलीय, असा संशय आला तुम्हाला? नाही, पैज नाही. पोरीवर पैज कोण लावतं. फक्त लॅरिसा ज्याच्याकडे जाणार नाही त्यानं वसंत येईपर्यंत अंगणातला बर्फ उपसायचा, एवढंच. त्याला पैज नाही म्हणत, घरकामाची वाटणी म्हणतात. ते सुरीचं टोक जरा खाली करा ना. बरं, चूक. कबूल. हे बोलायला नको होतं, आणि तसं ठरवायलाही नको होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हाच माझा एक दोष, बाकी मी बरी आहे. ऐका. थांबा. आता थट्टा नाही करत.

तुम्हाला सांगते मला लॅरिसा का हवी. मी मुलींचा खेळ आधी बघत नाही. खेळ शिकवता येतो. मी बघते गोल झाल्यावर पोरगी काय करते. गोलकीपरचं असं असतं, वॉल्टर, बाकी कुणाची चूक झाली तर तिच्या मागं आणखी कुणीतरी असतं, हिच्या मागं फक्त जाळी. चूक झाली की दिवा लागतो, भोंगा वाजतो, आणि अख्खं गाव तिच्याकडे बघतं. मी पोरी बघितल्यात काठी आपटणाऱ्या, रडणाऱ्या, सगळ्या टीमला शिव्या घालणाऱ्या. तुमच्या पोरीनं नोव्हेंबरात एक गोल खाल्ला, इतका सोपा की मी सुद्धा अडवला असता, ह्या गुडघ्यांनी. तिनं काय केलं? शांतपणे पाणी प्यायली. जाळी नीट केली. आणि ज्या पोरीनं गोल केला होता ती पुन्हा चाल करून आली तेव्हा हिनं तिला काहीतरी म्हटलं, त्या पोरीनं खाली बघितलं, आणि चकती गेली निघून. सामना संपल्यावर मी विचारलं, काय म्हणालीस गं तिला? तर म्हणते, ‘तुझी नाडी सुटलीय.’ सुटली होती का? म्हणते, ‘नाही.’ सरळ तोंडानं. मी गाडीत जाऊन इतकी हसले की काच धुक्यानं भरली. अशी पोरगी मला पंधरा वर्षांत दिसली नव्हती. शेवटची अशी मी आरशात बघितली होती.

काय?

पुन्हा म्हणा. तिला आमची टीम आवडली नाही? लॅरिसा म्हणाली असं? माझ्या टीमला काय झालंय? ‘रिंक थंड आहे’? वॉल्टर, ते बर्फाचं रिंक आहे. आणि कॉलिनच्या टीमबद्दल काय म्हणाली — तिथल्या मुली गर्विष्ठ आहेत? बरं आहेत थोड्या, पण... आणि दोन्हीकडं नको, इथंच राहते, हॉकीचा कंटाळा आला? आणि तुम्ही मानलंत? तुम्ही तिचे वडील आहात ना? अहो ती पोरगी आमचा सराव बघायला आली तर काचेला नाक लावून उभी होती, शेवटी काचेवर नाकाचा ठसा राहिला, पुसायला माणूस लावावा लागला. माझी टीम आवडली नाही म्हणे. तिनं स्वतः माझ्या गाडीत बसून मला सांगितलं, की मला यायचंय, फार यायचंय, पण बाबा, माझा टाटो —

नाही. काही नाही.

मी म्हटलं, काही नाही. मशीन चालू करा तुमचं. मी तिला शब्द दिलाय. कुणाचा शब्द मी आजवर... हो, बरं, आत्ताच तुमच्यासमोर कॉलिनचं घोरणं सांगितलं, पण तो नवरा होता, ही पोरगी आहे. असं बघू नका. तुम्ही बोलत नाही आणि नुसतं बघता, ह्यापेक्षा ओरडणारे बाप बरे. लाइल ट्यूससुद्धा बरा, तो निदान ‘नाही’ तरी म्हणायचा.

ऐका मग. ती म्हणाली, आई गेल्यापासून टाटो दुकान बंद करून वर घरी येतो, आणि दिवा न लावता बसून राहतो. मी सरावाहून आले की लावतो. मी गेले तर लावणार नाही. बस. एवढंच म्हणाली. रडली का? थोडी. मग नाक पुसलं आणि म्हणाली, मी त्याच्यासाठी थांबतेय हे टाटोला कळलं तर तो मला हाकलून खेळायला पाठवेल, म्हणून मी त्याला सांगितलंय की रिंक थंड आहे.

काय म्हणालात? वीज वाचवता?

वॉल्टर, धुराच्या खोलीचा दिवा दिवसाढवळ्या जळतोय. दाराबाहेरची पाटी जळतेय. वीज वाचवता म्हणे. मी काही म्हणत नाही. मला ह्यातलं काय कळतं, माझ्याकडे निदान गुरुवारी कुणीतरी येतं.

नका, माफी कसली, तुम्ही काही केलेलं नाही. तुम्ही तिला काही कळू दिलं नाही, तिनं तुम्हाला काही कळू दिलं नाही, दोघंही गोलकीपर. ते मांस सुकतंय, ओलं फडकं तरी टाका त्यावर. मी टाकते. द्या इकडे.

आता विचारताय ते खरं विचारताय का? कुठं पाठवावं तिला? हे तुम्ही मला विचारताय, पैज लावलेल्या बाईला? बरं. मग खरं ऐका, आणि हे कॉलिनला कधी सांगू नका. त्याच्याकडे गोलकीपरसाठी वेगळा कोच आहे. नीट शिकलेला. माझ्याकडे मी आहे आणि एक जुना व्हिडिओ कॅमेरा. त्याच्याकडे ती लवकर वर जाईल. माझ्याकडे जास्त हसेल. आणि माझ्याकडून तुमच्या दारापर्यंत गाडीनं तासाभराचा रस्ता, रविवारी जेवायला येऊ शकेल, येताना मलाही आणू शकेल. पण ते तिला ठरवू द्या. तुम्ही नाही ठरवायचं, मी नाही, रिंकच्या थंडीनं तर मुळीच नाही. त्याच्याकडे गेली तर मोसमात चारदा माझ्याविरुद्ध उभी राहील, आणि मी माझ्या सगळ्या पोरींना आजच सांगून ठेवीन की खाली बघायचं नाही. बर्फ मी उपसेन. पाठीला व्यायाम हवाच आहे.

एप्रन का काढताय? वॉल्टर, कुठं निघालात? लॅरिसाच्या शाळेत? आत्ता? शाळा सुटायला अवकाश आहे, वर्ग चालू असतील, तुम्ही काय वर्गात घुसणार — काय म्हणालात? ‘दुकान माझं आहे, तिचं नाही.’ छान. उत्तम वाक्य. पण हे मला नका सांगू, तिला सांगा. आणि दिव्याचंही सांगा, बरं का, कसं सांगायचं ते तुम्ही बघा. वीज वाचवतो म्हणू नका, ती तुमच्यापेक्षा हुशार आहे.

आणि गिऱ्हाईक आलं तर? मी? मला काय येतं... बरं, बांधते एप्रन. लसूण वाढवू का जरा? नको, नको, गंमत केली. जा तुम्ही. आणि ऐका, वॉल्टर — मी सांगितलं म्हणून सांगू नका हं तिला. मी शब्द दिलाय. सांगा, कॉलिननं सांगितलं. तो दिसतोच तसा.

अहो टोपी. टोपी घाला, कान गळून पडतील. आणि गाडीची वायर, इंजिन गरम ठेवायची वायर, ती काढा आधी भिंतीतून — वायर, वॉल्टर, वायर —

गेला. वायर घेऊनच गेला.